पेनड्राइव्ह यूएसबी ३.० चा, मग वेग २.० चा का?

यूएसबी म्हणजे पेनड्राइव्ह संगणकाला जोडण्याची पद्धत; २.० ही तिची जुनी आवृत्ती, ३.० नवी. पेनड्राइव्हच्या तोंडात एकदा नीट डोकावून पाहा. २.० च्या ड्राइव्हमध्ये चारच पट्ट्या दिसतात: दोन विजेच्या, दोन डेटाच्या. ३.० मध्ये या चार पट्ट्यांच्या मागे, जरा आत, आणखी पाच टोकं असतात. सगळा जादा वेग या पाचांवर चालतो. एक जोडी डेटा नेते, दुसरी आणते, पाचवं टोक ग्राउंडचं. २.० मध्ये येणं-जाणं एकाच जोडीवरून, त्यामुळे पाळीपाळीने होतं.

म्हणूनच नवा ड्राइव्ह जुन्या पोर्टमध्ये बिनदिक्कत चालतो. तिथे पुढच्या चार पट्ट्या जुळतात, मागच्या पाच रिकाम्या राहतात. पण नव्या पोर्टमध्येही ड्राइव्ह फार हळू सरकवला, तर आधी चार पट्ट्या टेकतात आणि कधी कधी संगणक त्याला २.० समजून बसतो. काढून एका दमात पूर्ण आत लावा. मध्ये २.० ची एक्स्टेन्शन केबल किंवा हब असेल, तरी वेग तिथेच अडतो. लिनक्सवर ‘एलएसयूएसबी -टी’ ही आज्ञा दिली की खरं कळतं: ४८०एम दिसलं तर जोडणी २.० ची, ५०००एम दिसलं तर ३.० ची.

१९९८ च्या यूएसबी १.१ चा वेग सेकंदाला १२ मेगाबिट, २००० च्या २.० चा ४८०, २००८ च्या ३.० चा ५००० मेगाबिट. हे बिट आहेत, बाइट नव्हेत; आठ बिटांचा एक बाइट. प्रत्यक्षात २.० वर सेकंदाला ३० ते ४० मेगाबाइट मिळतात. म्हणजे ४ जीबीच्या फाइलला दोन मिनिटं धराच. नावांचा घोळ मात्र खरोखर त्रासदायक आहे. ३.०, ३.१ जेन १ आणि ३.२ जेन १ ही तिन्ही एकाच वेगाची नावं!

पोर्टचा आकडा ही फक्त कमाल मर्यादा. लिहिण्याचा वेग आतली फ्लॅश मेमरी (डेटा साठवणारी चिप) आणि कंट्रोलर (तिला हाताळणारी चिप) ठरवतात. स्वस्त ३.० ड्राइव्ह वाचताना १०० मेगाबाइट देईल, पण लिहिताना १०-१५ वर येईल. मोठी फाइल सुरुवातीला भरभर जाऊन मध्येच रेंगाळते, ती बहुतेक वेळा वेगवान कॅशे, म्हणजे डेटा तात्पुरता ठेवायची जागा, भरल्यामुळे. खरेदी करताना पाकिटावर ‘राइट स्पीड’ शोधा. तो छापलाच नसेल, तर तो ड्राइव्ह मोठ्या फाइलींसाठी घेऊ नका.

आणि ४ जीबीपेक्षा मोठी फाइल जातच नसेल, तर दोष यूएसबीचा नाही, फॅट३२ फॉरमॅटचा, म्हणजे ड्राइव्हवर फाइली मांडण्याच्या पद्धतीचा आहे. आतला डेटा आधी दुसरीकडे ठेवा आणि ड्राइव्ह एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा.