रकाना आहे की नुसती रेघ?

जून लागला की घाटंजी तालुक्यातल्या आमच्या छोट्या सेवा केंद्रात मोबाइलवर आलेले पीडीएफ अर्ज घेऊन माणसं येतात. कुणाचं पीककर्ज, कुणाच्या पोरीची शिष्यवृत्ती. परवा एक काकाजी म्हणाले, "बापू, हातानं नको लिहू. मागच्या वेळी अक्षर समजलं नाही म्हनून वापस केला. मले टाइप करूनच पाह्यजे." अर्ज उघडला, "अर्जदाराचे नाव"पुढे क्लिक केलं आणि काहीच झालं नाही.

इथेच बहुतेक जण "फाइल खराब आहे" म्हणतात. फाइल चांगली असते. तिच्यात नुसती रेघ असते, रकाना नसतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, त्यामुळे घोळ होतो.

पीडीएफ 1993 साली ॲडोबीने आणलं ते कागद कुठेही उघडला तरी जसाच्या तसा दिसावा म्हणून. त्यात भरता येणारे रकाने आले 1996 साली, 1.2 या आवृत्तीत. म्हणजे रकाना ही वरून दिलेली सोय आहे. अर्ज बनवणाऱ्याने ती घातली तर आहे, नाहीतर वर्डमध्ये ओढलेली रेघ तशीच पीडीएफमध्ये उतरते.

ओळखायचं कसं? ॲक्रोबॅट रीडरमध्ये उघडा. रकाने असतील तर ते फिक्या निळ्या रंगात दिसतात, क्लिक केलं की कर्सर लुकलुकतो, टॅब दाबला की पुढच्या रकान्यात जातो. यातलं काही होत नसेल तर छापील अक्षरांवरून माउस ओढून बघा. अक्षरं निवडली गेली तर अर्ज संगणकावर टाइप केलेला आहे. एकही अक्षर हाती लागत नसेल तर बहुधा कुणीतरी कागद स्कॅन केलाय, तो नुसता फोटो आहे. आणखी एक: फाइलला कुलूप असलं म्हणजे भरता येणार नाही असं नाही. मजकूर बदलायला मनाई आणि रकाने भरायला मुभा, अशा दोन वेगळ्या परवानग्या पीडीएफमध्ये देता येतात.

रकान्यांच्या अर्जाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. अक्षराचा आकार, जागा, चौकटींमधलं अंतर बनवणाऱ्याने ठरवून ठेवलेलं असतं, आपण फक्त भरायचं. मराठी लिहिताना तेवढं जपा. रकान्याला नेमलेल्या फॉन्टमध्ये देवनागरी नसेल तर मात्रा सुट्या पडतात किंवा नुसते चौकोन उमटतात. सगळा अर्ज भरण्याआधी एका रकान्यात नाव टाकून पाहा.

रेघांच्या अर्जात मात्र प्रत्येक अक्षर कुठे बसवायचं ते आपल्याला ठरवावं लागतं. रीडरमधलं "फिल अँड साइन" उघडा, हवं तिथे क्लिक करा आणि लिहा. हे नेट नसतानाही चालतं, आणि आमच्याकडे पावसाळ्यात ते फार कामी येतं. लिहिलेलं वरखाली झालं तर ती चौकट ओढून जागेवर आणता येते. इंग्रजी अक्षरं रेघेला टेकवली तरी चालतं. मराठीचं तसं नाही. "पुरुषोत्तम" रेघेला टेकवून लिहा, "पु"चा उकार रेघेत बुडतो. मराठी ओळ थोडी उंच ठेवा, आणि वरच्या रफार-वेलांट्या आधीच्या रेघेला लागत असतील तर अक्षर एक नंबर लहान करा.

सगळ्यात जास्त अर्ज बिघडतात ते छोट्या चौकटींमध्ये. लोक स्पेसबार दाबत जातात. आधारचे 12 आकडे त्यानेही जमतात, कारण एरियलसारख्या फॉन्टमध्ये सगळे आकडे एकाच रुंदीचे असतात. अक्षरं तशी नसतात. "आय" बारीक, "डब्ल्यू" रुंद. म्हणून पॅनची 10 किंवा आयएफएससीची 11 अक्षरं हळूहळू सरकतात आणि शेवटचं अक्षर चौकटीच्या रेघेवर येऊन बसतं. माझ्या हातून असा एक अर्ज गेला आणि एका बँकेतून परत आला. त्या शेतकऱ्याची तालुक्याची एक फेरी वाया गेली, ते मला आजही लागतं. (आयएफएससीतलं पाचवं अक्षर नेहमी शून्य असतं, इंग्रजी "ओ" नाही. हेही तपासत जा.)

फिल अँड साइनमध्ये अक्षरं चौकटीगणिक पसरवायचा पर्याय आहे. तो निवडा आणि पट्टीची उजवी कड ओढून शेवटच्या चौकटीशी जुळवा. लिब्रेऑफिस ड्रॉ या फुकट मिळणाऱ्या चित्रं-आकृत्यांच्या प्रोग्राममध्ये करायचं तर मोजमाप करावं लागतं. पहिल्या चौकटीच्या डाव्या कडेपासून शेवटच्या चौकटीच्या उजव्या कडेपर्यंत मोजा. 11 चौकटी 66 मिलिमीटरच्या असतील तर एक चौकट 6 मिलिमीटर, म्हणजे अक्षराच्या आकाराच्या मापात 17 पॉइंट. कुरिअर न्यू फॉन्टमध्ये 10 पॉइंटचं प्रत्येक अक्षर 6 पॉइंट जागा घेतं. उरलेले 11 पॉइंट अक्षरांमधलं अंतर म्हणून द्या. सगळी अक्षरं आपापल्या चौकटीत बसतात. हा हिशोब इंग्रजी अक्षरांचा आणि आकड्यांचा. मराठी नाव असं पसरवलं तर शिरोरेघ तुटते, त्यासाठी एकेक अक्षर मात्रेसकट वेगळं लिहून ठेवलेलं बरं.

ड्रॉमध्ये जुने अर्ज उघडताना कधी कधी सगळी मराठी इंग्रजी अक्षरांच्या भुशासारखी दिसते. कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये वरून मराठी आणि आत इंग्रजी खुणा असतात, फॉन्ट हरवला की त्या उघड्या पडतात. अशा वेळी अर्जाच्या पानाचं चित्र करा, ए4 पानावर पूर्ण बसवा, जागेवरून हलू नये म्हणून प्रोटेक्ट करा आणि त्यावर लिहा.

भरून झालं की "मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ"ने नवी फाइल काढा. मग लिहिलेलं पानातच मुरतं, दुसऱ्याच्या मोबाइलवर गायब होत नाही. भरलेली मूळ फाइलही जपून ठेवा, आकडा चुकला तर तिच्यातच दुरुस्त करता येतो. डिजिटल सहीच्या सातबाऱ्यावर मात्र असं काहीही लिहू नका, त्याची सही बाद होते.

काकाजींच्या अर्जात मी सहीची रेघ रिकामी सोडली आणि तिच्या वरची पत्त्याची ओळ एका नंबरने लहान केली. ते अंगठा लावतात, आणि अंगठ्याला सहीपेक्षा उंच जागा लागते.