पहाटे पाचची कसोटी : थंडी, घड्याळ आणि ऑस्ट्रेलिया

डिसेंबर-जानेवारीत भारतीय संघ ऑस्ट्रेलियात असला की महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांतला दिवा पाचच्या आत लागतो. मेलबर्नला किंवा सिडनीला साडेदहाला पहिला चेंडू पडतो तेव्हा आपल्याकडे पाच वाजलेले असतात. गोधडी अंगावर तशीच, टीव्हीचा आवाज बारीक, स्वयंपाकघरात चहाचं आधण. ही सवय इतकी अंगवळणी पडली आहे की ती आपल्याला कधी आणि कशी लागली, हे आपण फारसं विचारत नाही. तिच्यामागे ऋतूंचं गणित आहे, घड्याळाबाबतचे सरकारी निर्णय आहेत, रेडिओ आणि उपग्रह आहेत, आणि एका ऑस्ट्रेलियन वाहिनीमालकानं क्रिकेट मंडळाशी मांडलेलं भांडण आहे. त्या भांडणाचा वाटा मला सगळ्यांत मोठा वाटतो.

आधी थंडी. विषुववृत्ताच्या दक्षिणेला ऋतू उलटे, म्हणून आपला पौष-माघ हा तिकडचा भर उन्हाळा आणि क्रिकेटचा हंगाम. इकडे त्याच दिवसांत पश्चिमी झंझावात हिमालयात बर्फ टाकून पूर्वेकडे सरकले की उत्तरेचे कोरडे वारे खानदेश आणि नाशिकपर्यंत उतरतात. आकाश निरभ्र असलं की जमिनीतली उष्णता रात्रभर निघून जात राहते आणि पारा सर्वांत खाली जातो तो मध्यरात्री नाही, सूर्योदयाच्या सुमारास. म्हणजे ऑस्ट्रेलियातल्या कसोटीचं पहिलं सत्र आणि आपल्याकडचा दिवसातला सर्वांत गार तास एकावर एक येतात. त्याच वेळी निफाडकडचे द्राक्ष बागायतदार मणी तडकू नयेत म्हणून बागेत शेकोट्या पेटवत असतात. मुंबईकरांना थंडी ठाऊक नाही म्हणतात, पण सांताक्रूझला २२ जानेवारी १९६२ रोजी ७.४ अंश सेल्सिअस नोंदलं गेलं आहे.

आता घड्याळ. आपली प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशावरची, आणि मुंबई त्र्याहत्तर अंशांच्याही किंचित पश्चिमेला. त्यामुळे घड्याळ पुढे आणि सूर्य मागे, असा जवळपास चाळीस मिनिटांचा फरक पडतो. जानेवारीच्या मध्याला मुंबईत सूर्य उगवायला सव्वासात वाजतात. तिकडे न्यू साउथ वेल्स, व्हिक्टोरिया आणि दक्षिण ऑस्ट्रेलिया ही राज्यं १९७१ पासून उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे ढकलतात. तो निर्णय झाला नसता तर सिडनीची साडेदहाची कसोटी आपल्याकडे सहाला सुरू झाली असती. क्वीन्सलंडच्या मतदारांनी १९९२ मध्ये हा प्रकार नाकारला, म्हणून ब्रिस्बेनच्या कसोटीला थोडं उशिरा उठलं तरी चालतं. पर्थ तर इतकं पश्चिमेला आहे की तिथला सामना सुरू होईपर्यंत आपल्याकडे आठ वाजत आलेले असतात.

भारताचा पहिला ऑस्ट्रेलिया दौरा स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात झाला. लाला अमरनाथ कर्णधार, समोर डॉन ब्रॅडमन. पाच कसोट्यांपैकी चार आपण हरलो. तरीही त्या दौऱ्यातली एक खेळी महाराष्ट्रानं कायम जवळ बाळगावी अशी आहे. जानेवारी १९४८, अॅडलेड. ऑस्ट्रेलियानं ६७४ धावा केलेल्या, ब्रॅडमनच्या त्यात २०१. सांगलीत जन्मलेल्या विजय हजारे यांनी पहिल्या डावात ११६ धावा काढल्या आणि फॉलोऑननंतर १४५. दुसऱ्या डावात लिंडवॉलनं सात बळी घेतले, सहा भारतीय फलंदाज शून्यावर गेले आणि संघाची धावसंख्या होती २७७. कसोटीच्या दोन्ही डावांत शतक करणारे हजारे हे पहिले भारतीय. पहिल्या डावात त्यांच्यासोबत कोल्हापूरच्या दत्तू फडकर यांनीही शतक ठोकलं होतं. हा सामना संपला २८ जानेवारीला. दोनच दिवसांनी दिल्लीत गांधीजींची हत्या झाली तेव्हा हा संघ परदेशातच होता.

हजाऱ्यांची ती खेळी इथल्या बहुतेकांनी पाहिली नाही, ऐकलीही नाही; ती तारेनं आली आणि छापून आल्यावर वाचली गेली. पहाट या गोष्टीत आली ती शॉर्टवेव्हमुळे. ऑस्ट्रेलियानं परदेशांसाठीची रेडिओसेवा डिसेंबर १९३९ मध्ये, युद्ध सुरू झाल्यावर, प्रचारासाठी उभी केली होती. पुढे तिचं नाव रेडिओ ऑस्ट्रेलिया झालं आणि युद्धासाठी बांधलेल्या त्याच यंत्रणेवरून क्रिकेटचं समालोचन आशियाभर पोहोचू लागलं. शॉर्टवेव्हच्या लहरी वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावर आदळून खाली येतात, जमिनीवरून पुन्हा वर जातात आणि असे टप्पे घेत मेलबर्न ते महाराष्ट्र हे सुमारे दहा हजार किलोमीटरचं अंतर कापतात. तो थर स्थिर नसतो, त्यामुळे आवाज चढतो, उतरतो, मध्येच बुडतो. दिवस वर आला की खालचा थर काही लहरी शोषून घेतो आणि मघाशी स्पष्ट लागलेलं स्टेशन हातातून निसटतं. काळोखात ऐकू येणारं पहिलं सत्र आणि उजाडल्यावर खरखरणारं दुसरं, हा अनुभव रेडिओ चांगला की वाईट यावर अवलंबून नव्हता, सूर्यावर होता.

त्या काळी रेडिओ बाळगायला पोस्टातून परवाना काढावा लागे आणि शॉर्टवेव्ह चांगला पकडणारा संच गल्लीत एखादाच. आपल्याकडच्या सामन्यांचं मराठी समालोचन बाळ ज. पंडित यांनी आकाशवाणीवर रुजवलं, पण ऑस्ट्रेलियाहून येणारा आवाज होता अॅलन मॅकगिल्व्हरे यांचा. त्यांचे इंग्रजी उच्चार नीट न कळणारी माणसंही पहाटे रेडिओला कान लावून बसत आणि प्रेक्षकांच्या गलक्यावरून विकेट पडली की चौकार गेला ते ओळखत. १९६७-६८ च्या दौऱ्यात पहिल्या कसोटीला कर्णधार पतौडी जायबंदी होते आणि पुण्याच्या चंदू बोर्डे यांनी नेतृत्व केलं. ती मालिका आपण ४-० अशी गमावली, त्याबद्दल अधिक लिहिण्यासारखं थोडंच आहे.

यानंतर येतो १९७७-७८ चा हिवाळा, आणि या सगळ्याला वळण तिथे लागतं. सिडनीचे केरी पॅकर चॅनल नाइनचे मालक. ऑस्ट्रेलियात रंगीत दूरचित्रवाणी १९७५ मध्ये आली आणि दिवसभर चालणारं क्रिकेट हा वाहिनीचा वेळ भरायला स्वस्त आणि लोकप्रिय कार्यक्रम ठरेल, हे त्यांना दिसलं. त्यांनी १९७६ मध्ये ऑस्ट्रेलियन मंडळाकडे प्रक्षेपणाचे एकाधिकार मागितले, मोठी रक्कम देऊ केली. मंडळानं एबीसी या सरकारी प्रसारण संस्थेशी असलेला जुना करार चालू ठेवला. पॅकरनी मग जगातले अव्वल खेळाडू गुपचूप करारबद्ध करून स्वतःचंच क्रिकेट सुरू केलं. परंपरागत मैदानं मिळेनात, तर मेलबर्नच्या एका फुटबॉल मैदानावर बाहेर तयार केलेली खेळपट्टी आणून बसवली. पांढरा चेंडू, रंगीत कपडे, प्रकाशझोतातले सामने, सगळं तिथून पुढे आलं.

त्याच मोसमात बिशनसिंग बेदींचा भारतीय संघ ऑस्ट्रेलियात होता. पॅकरकडे गेलेल्यांवर मंडळानं दारं बंद केल्यामुळे बॉबी सिम्पसन यांना एक्केचाळिसाव्या वर्षी निवृत्तीतून बोलावून कर्णधार केलं गेलं. ऑस्ट्रेलियाचा संघ दुबळा होता म्हणून आपण दोन कसोट्या जिंकलो, असं म्हणणारे आजही भेटतात. मला हे पटत नाही. मेलबर्नला चंद्रशेखर यांनी दोन्ही डावांत बावन्न-बावन्न धावांत सहा-सहा बळी घेतले आणि भारत ऑस्ट्रेलियात पहिल्यांदा जिंकला, २२२ धावांनी. सिडनीला डावानं विजय मिळाला. सुनील गावसकरांनी पहिल्या तिन्ही कसोट्यांत शतकं काढली. अॅडलेडला ४९३ धावांचा पाठलाग करताना संघ ४४५ पर्यंत पोहोचला आणि मालिका ३-२ अशी गेली. तशी गोलंदाजी आणि तसा पाठलाग कुठल्याही संघाविरुद्ध मोठाच असतो. एका बाजूला पॅकरचं दिव्यांखालचं क्रिकेट आणि दुसऱ्या बाजूला ही चुरशीची मालिका. ऑस्ट्रेलियन प्रेक्षकाला अधिकृत कसोटीत धरून ठेवण्याचं काम त्या हिवाळ्यात भारतीय संघानं केलं.

मे १९७९ मध्ये समेट झाला. पॅकरना हवे होते ते हक्क मिळाले आणि चॅनल नाइननं क्रिकेट दाखवण्याची पद्धत बदलून टाकली. पूर्वी मुख्य कॅमेरा मैदानाच्या एकाच टोकाला असे, म्हणून दर दुसऱ्या षटकात फलंदाजाची पाठ दिसायची. नाइननं दोन्ही टोकांना कॅमेरे लावले. यष्ट्यांजवळ मायक्रोफोन पुरला. रिची बेनॉ, बिल लॉरी, टोनी ग्रेग, इयान चॅपेल हे समालोचनाला बसले. चेंडू पुन्हा-पुन्हा, वेगवेगळ्या कोनांतून पाहणं ही आपली आजची गरज तिथे तयार झाली.

१९८०-८१ चा दौरा मात्र महाराष्ट्रानं अजून कानांनीच अनुभवला. सिडनीला लेन पास्कोचा चेंडू डोक्यावर बसून कोसळलेला संदीप पाटील पुढच्याच कसोटीत, अॅडलेडला, १७४ धावा करतो. मेलबर्नला पायचीत दिल्यावर संतापलेले गावसकर जोडीदार चेतन चौहानला घेऊन मैदानाबाहेर निघतात. आणि त्याच सामन्यात १४३ धावांसाठी उतरलेला यजमान संघ कपिल देवपुढे ८३ धावांत गडगडतो. हे सगळं आधी ऐकलं गेलं. चित्रं मनात तयार झाली आणि खरी चित्रं खूप नंतर पाहायला मिळाली.

चित्र थेट येण्यासाठी लागणारी एक गोष्ट महाराष्ट्रात आधीपासून होती. नारायणगावजवळ आर्वीला १९७१ मध्ये देशातलं पहिलं व्यावसायिक उपग्रह भूकेंद्र सुरू झालं, विक्रम साराभाईंच्या नावानं. जुन्नर तालुक्यातल्या डोंगरांमधली ती प्रचंड तबकडी समुद्रापलीकडचे फोन आणि चित्रं उतरवण्यासाठीच होती. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं, रंग १९८२ मध्ये आले, इन्सॅट-१बी हा उपग्रह ऑगस्ट १९८३ मध्ये अवकाशात गेला आणि १९८४ मध्ये जिल्ह्याजिल्ह्यात कमी शक्तीची प्रक्षेपण केंद्रं धडाधड उभी राहिली. या साखळीतली प्रत्येक कडी वेगळ्या कारणासाठी तयार झाली होती. शिक्षण, हवामान, दूरसंचार, आशियाई खेळ. क्रिकेटसाठी त्यातली एकही नव्हती.

फेब्रुवारी-मार्च १९८५ मध्ये ऑस्ट्रेलियातली ‘वर्ल्ड चॅम्पियनशिप ऑफ क्रिकेट’ दूरदर्शनवर आली आणि नाइनची कला आपल्या घरात पोहोचली. १० मार्चचा अंतिम सामना मेलबर्नला, पाकिस्तानविरुद्ध, दिवस-रात्र. तिकडे प्रकाशझोत पेटलेले आणि इकडे खिडकीतून दुपारचं ऊन, असं प्रथमच पाहणाऱ्याला ते नवल वाटलं. आपण आठ गडी राखून जिंकलो आणि रवी शास्त्रीला ऑडी मिळाली. याच शास्त्रीनं बरोबर दोन महिने आधी, १० जानेवारीला, वानखेडेवर बडोद्याविरुद्ध एका षटकात सहा षटकार मारले होते. त्याचं चित्रीकरण नाही. हे मला आजही बोचतं : मेलबर्नचा चेंडू सहा कोनांतून दिसतो आणि चर्चगेटपासून चालत जाण्याच्या अंतरावरचा इतिहास फक्त धावफलकात उरतो.

१९९१ नंतर केबल आली आणि पुढच्या दौऱ्यांबद्दल नवं सांगण्यासारखं कमी आहे, कारण ते सगळ्यांनी पाहिलेलं आहे. जानेवारी १९९२ मध्ये सिडनीला शास्त्रीच्या २०६, अठरा वर्षांच्या सचिनच्या नाबाद १४८. डिसेंबर २००३ मध्ये अॅडलेडला अजित आगरकरचे ४१ धावांत सहा बळी आणि द्रविडचे २३३ व नाबाद ७२. मग २०२०-२१. अॅडलेडला ३६ धावांत सर्वबाद, लगेच मेलबर्नला अजिंक्य रहाणेचं ११२ धावांचं शतक. ब्रिस्बेनला पालघरचा शार्दूल ठाकूर आणि वॉशिंग्टन सुंदर यांची १२३ धावांची भागीदारी, आणि १९ जानेवारी २०२१ ला ३२८ धावांचा यशस्वी पाठलाग. ब्रिस्बेनच्या त्या गॅबा मैदानावर ऑस्ट्रेलिया १९८८ नंतर कसोटी हरला नव्हता.

रेडिओ ऑस्ट्रेलियानं शॉर्टवेव्ह प्रक्षेपण ३१ जानेवारी २०१७ ला बंद केलं. पुढच्याच वर्षी चॅनल नाइनकडून मायदेशातल्या क्रिकेटचे हक्क गेले. आता पहाटेचा सामना बराचसा मोबाइलवर पाहिला जातो, आणि त्यात एक उलटापालट झाली आहे. शॉर्टवेव्हचा आवाज दहा हजार किलोमीटर सेकंदाच्या तिसाव्या भागाच्या आसपास कापायचा. भूस्थिर उपग्रहापर्यंत जाऊन परत यायला सुमारे पाव सेकंद लागतो. मोबाइलवरचं चित्र मात्र तुकड्या-तुकड्यांनी साठवत पुढे जातं, त्यामुळे ते कित्येक सेकंद मागे असतं. म्हणून विकेट पडल्याचं आधी कळतं ते डिश टीव्ही असलेल्या शेजाऱ्याच्या ओरडण्यावरून.