ग्लिवेक आणि नेक्सावार: गल्लत कुठे होते

‘भारताने परदेशी कंपनीचं पेटंट मोडून कॅन्सरचं औषध स्वस्त केलं’ असं कुणी म्हणालं की मी विचारतो, कुठलं औषध? बहुतेक वेळा नाव येतं ग्लिवेकचं आणि हकीकत सांगितली जाते नेक्सावारची. निकाल जेमतेम वर्षाच्या अंतराने आले, दोन्ही औषधं कर्करोगावरची, दोन्हीकडे हरल्या त्या बड्या परदेशी कंपन्या. घोळ होणारच. पण ग्लिवेकच्या प्रकरणात मोडायला पेटंटच नव्हतं.

ग्लिवेकमधला इमॅटिनिब हा रेणू आधीच माहीत होता. नोव्हार्टिसने १९९८ साली चेन्नईत अर्ज केला तो त्याच्या क्षाराच्या एका विशिष्ट स्फटिकरूपासाठी. १९७० च्या पेटंट कायद्याने तेव्हा आपल्याकडे औषधावर पेटंट मिळत नसे, फक्त ते बनवण्याच्या पद्धतीवर मिळे. (आपल्या औषध कंपन्या वेगळ्या पद्धती शोधण्यात तरबेज झाल्या त्या याच काळात.) जागतिक व्यापार संघटनेच्या ट्रिप्स या बौद्धिक संपदा करारामुळे २००५ पासून खुद्द औषधावरही पेटंट देणं भाग पडलं. तसं करताना संसदेने कलम ३(डी) घातलं: जुन्याच पदार्थाचं नवं रूप आणलं असेल, तर गुण वाढल्याचं दाखवा. २००६ मध्ये अर्ज फेटाळला गेला. नवं रूप शरीरात ३० टक्के जास्त उपलब्ध होतं, हा कंपनीचा मुद्दा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १ एप्रिल २०१३ रोजी न्या. आफताब आलम आणि न्या. रंजना देसाई यांच्या खंडपीठाने सांगितलं की तेवढ्याने रोगावरचा गुण वाढल्याचं सिद्ध होत नाही.

नेक्सावारचं पेटंट मात्र बायरला २००८ मध्ये रीतसर मिळालं होतं, आणि ते रद्द कुणीच केलं नाही. महिन्याच्या गोळ्यांना सुमारे २ लाख ८० हजार रुपये पडत. ९ मार्च २०१२ रोजी पेटंट नियंत्रकांनी मुंबईत कलम ८४ खाली हैदराबादच्या नॅटकोला सक्तीचा परवाना, म्हणजे पेटंटधारकाच्या संमतीविना औषध बनवण्याची परवानगी, दिला: किंमत ८,८८० रुपये, आणि विक्रीवर ६ टक्के रॉयल्टी बायरला. अपिलात ती ७ टक्के झाली. औषध किती रुग्णांपर्यंत पोचलं नाही, हे ठरवताना पेटंटच्या वापराची बायरने स्वतः भरून दिलेली विवरणपत्रंही कामी आली. २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने परवाना कायम ठेवला.

गाजावाजा झाला तो या परवान्याचा. पण त्यानंतर भारताने औषधासाठी दुसरा सक्तीचा परवाना दिलेला नाही. अर्ज आले, फेटाळले गेले. अशा एका सहीमागे अधिकाऱ्याची हिंमत लागते, सरकारची इच्छा लागते, आणि अमेरिकेची नाराजी सोसण्याची तयारीही. कलम ३(डी)चं तसं नाही. ते प्रत्येक फाइलला लागू होतं, आणि परीक्षकाच्या नजरेतून काही सुटलंच तर पेटंट मिळण्याआधी कुणीही हरकत घेऊ शकतो. क्षयावरच्या बेडाक्विलीनच्या क्षारासाठीचा अर्ज मार्च २०२३ मध्ये मुंबई कार्यालयाने नाकारला. हरकत घेणाऱ्यांत क्षयातून बऱ्या झालेल्या दोघी होत्या, एक मुंबईची, एक दक्षिण आफ्रिकेची. अर्ज मंजूर झाला असता तर मक्तेदारी २०२३ ऐवजी २०२७ पर्यंत लांबली असती. माझ्या मते गरीब देशांनी आपल्याकडून उचलण्याजोगं काही असेल तर ते हे कलम. मात्र ते चालवायला रसायनशास्त्र जाणणारे, फाइल नीट वाचायला वेळ असलेले परीक्षक हवेत. नुसता कायदा उतरवून घेऊन भागत नाही.

मार्च २०२४ च्या नियमांनी आता हरकतीला शुल्क लावलं आहे, शिवाय ती ऐकण्याजोगी आहे का हे आधी नियंत्रक ठरवतात. पेटंटचा वापर कसा केला याचं विवरणपत्रही दरवर्षीऐवजी तीन वर्षांतून एकदाच भरायचं आहे. पहिला बदल ग्लिवेकच्या वाटेत आडवा येतो, दुसरा नेक्सावारच्या.