बरोक चित्रकला

यूरोपात साधारण १६०० ते १७५० या काळात बहरलेली चित्रपद्धती. तिचा उगम रोममध्ये झाला आणि पुढे फ्लँडर्स (आजच्या बेल्जियमचा भाग), स्पेन, हॉलंड, फ्रान्स अशा प्रदेशांत तिने वेगवेगळी रूपे घेतली. ‘बरोक’ या शब्दाचे मूळ बहुधा पोर्तुगीज ‘बार्रोकु’, म्हणजे वेडावाकडा मोती, या शब्दात आहे. पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता याच्या गोव्यात १५६३ साली छापलेल्या औषधी द्रव्यांवरील ग्रंथात ओबडधोबड मोत्यांसाठी हा शब्द आला आहे. मोत्यांच्या बाजारातला हा शब्द कलेला चिकटला तो अठराव्या शतकात, आणि तोही हिणवण्यासाठी : बेढब, अतिरेकी, ताल सुटलेले ते बरोक. कलेतिहासकार हाइन्रिख व्होल्फलिन याने १८८८ च्या ग्रंथात या शैलीचा गांभीर्याने विचार केल्यावर शब्दाला लागलेला डाग हळूहळू पुसला गेला. त्या काळच्या एकाही चित्रकाराने स्वतःला बरोक म्हणवून घेतलेले नाही.

या पद्धतीची खूण एकच सांगायची तर हे चित्र पाहणाऱ्याची जागा धरून रचलेले असते. प्रबोधनकाळातील चित्र चौकटीत शांतपणे नांदते; मध्यभागी मुख्य आकृती, दोन्ही बाजूंना तोल. बरोक चित्रात आकृती कर्णरेषेत कलंडतात, चौकटीशी अर्ध्यावर कापल्या जातात, त्यांचे हात आणि गुडघे आपल्या अंगावर येतात. प्रसंगही ऐन क्षणी पकडलेला असतो : क्रूस अर्धा उचललेला, तलवार मानेत अर्धी गेलेली.

यामागे धर्मकारण होते. प्रॉटेस्टंट सुधारकांनी चर्चमधील प्रतिमांवर हल्ला चढवला होता. त्याला उत्तर म्हणून ट्रेंट येथील कॅथलिक धर्मपरिषदेने डिसेंबर १५६३ मध्ये प्रतिमांचे समर्थन केले. मात्र त्यांतून सामान्य भाविकाला धर्म कळावा आणि त्याची भक्ती जागी व्हावी, अशी अपेक्षाही ठेवली. प्रबोधनकाळाच्या अखेरीस आलेल्या रीतिलाघववादी (मॅनरिस्ट) चित्रांतील लांबुडक्या, कोड्यात टाकणाऱ्या आकृती या कामाच्या नव्हत्या. बोलोन्याचा आन्नीबाले काराच्ची निसर्गाच्या अभ्यासाकडे आणि राफाएलच्या स्पष्ट रचनेकडे वळला. काराव्हाज्जोने (१५७१–१६१०) मात्र थेट रस्त्यावरची माणसे चित्रात आणली.

काराव्हाज्जोचे ‘संत मॅथ्यूला पाचारण’ (१५९९–१६००) हे चित्र रोममधील सान लुईजी देई फ्रांचेझी या चर्चच्या एका छोट्या प्रार्थनागृहात, डाव्या भिंतीवर आहे. करवसुली करणाऱ्या मॅथ्यूला ख्रिस्त शिष्य होण्यास बोलावतो, तो हा प्रसंग. टेबलाभोवती पाच जण बसले आहेत, पैशांचा हिशेब चालू आहे. उजवीकडून ख्रिस्त आत येतो. त्याचा चेहरा आणि लांबवलेला हात एवढेच नीट दिसते. चित्रात खिडकी आहे, पण तिच्यातून उजेड येत नाही. तो येतो उजवीकडून, वरून, म्हणजे प्रत्यक्षातली वेदी आणि तिच्यावरची खिडकी ज्या बाजूला आहे तिकडून. रंगवलेला प्रकाश आणि खोलीतला प्रकाश यांची अशी सांगड घातली आहे. यातला मॅथ्यू कोण, स्वतःकडे बोट करणारा दाढीवाला की मान खाली घालून नाणी मोजणारा तरुण, हा वाद अजून मिटलेला नाही. (या प्रार्थनागृहात पेटीत नाणे टाकले की दिवा लागतो, अशी सोय आहे. चित्राचा विषय पाहता ती थोडी गमतीचीच.)

गडद पार्श्वभूमीतून आकृती उजळून काढण्याची ही तीव्र छायाप्रकाशाची पद्धत कारागिरीच्या अंगानेही वेगळी होती. पांढऱ्याऐवजी तपकिरी किंवा तांबूस अस्तर दिलेल्या कॅनव्हासवर उजेडाचे भाग जाड रंगात उभे करायचे आणि सावलीत ते अस्तर जागोजागी तसेच राहू द्यायचे. काराव्हाज्जोची कागदावरची रेखाटने सापडलेली नाहीत. ओल्या अस्तरावर टोकदार वस्तूने ओढलेल्या खुणा मात्र सापडतात. त्याच्या एका वेदीचित्रात मेरीपुढे गुडघे टेकलेल्या यात्रेकरूचे मळके तळवे पाहणाऱ्याकडे वळलेले आहेत. ‘मेरीचा मृत्यू’ हे चित्र तर ज्यांच्यासाठी काढले त्या धर्मसंघाने नाकारले. चित्रकार रूबेन्सच्या सल्ल्यावरून ते इटलीतील मांतुआच्या ड्यूकने विकत घेतले. आज ते लूव्हर संग्रहालयात आहे.

काराव्हाज्जोचे अनुकरण यूरोपभर झाले. आर्तेमीझिया जेंतिलेस्कीने त्याच्या वाटेने जाऊन त्याच्यावर कडी केली, असे तिचे ‘ज्युडिथ आणि होलोफर्नीझ’ पाहताना वाटते. बायबलच्या कथेतील ज्युडिथ ही यहुदी विधवा शत्रूचा सेनापती होलोफर्नीझ याचा शिरच्छेद करते. काराव्हाज्जोची ज्युडिथ हातभर अंतर राखून, अंग चोरून वार करते. जेंतिलेस्कीच्या चित्रात बाह्या सारलेल्या दोघी बायका अंगचे सगळे बळ लावतात. दासी होलोफर्नीझला दाबून धरते आणि रक्त चादरीवरून ओघळते.

अँटवर्पच्या रूबेन्सने (१५७७–१६४०) काळोखापेक्षा रंग, मांसलता आणि गती यांवर भर दिला. मोठ्या कार्यशाळेत साहाय्यक बरेचसे रंगवत, महत्त्वाच्या जागी हात त्याचा. फ्रान्सची राणी मारी दे मेदिची हिच्या जीवनावरील २४ चित्रांत (१६२२–२५) ग्रीक-रोमन देवता राणीच्या तैनातीला उभ्या आहेत. स्तुती इतकी की आज हसू येते, पण रंगकाम अफाट.

रोममधील चर्चच्या छतांवर भ्रमाचा कळस गाठला गेला. आंद्रेआ पोझ्झो या जेझुइट चित्रकाराने सांत इन्यात्सिओ चर्चच्या छतावर (१६९४ मध्ये पूर्ण) खांब, कमानी आणि त्यांपलीकडचे आकाश असे रंगवले, की छत उरतच नाही. कोपऱ्यांत चार खंडांच्या आकृती आहेत. आशिया उंटावर बसली आहे. जमिनीत एक संगमरवरी चकती बसवली आहे. तिच्यावर उभे राहिले तरच यथादर्शन (पर्स्पेक्टिव्ह) जुळते, चार पावले सरकले की खांब कोसळू लागतात.

हॉलंडमध्ये कॅल्व्हिनपंथी (प्रॉटेस्टंट) चर्चमध्ये चित्रांना थारा नव्हता. गिऱ्हाईक होते व्यापारी आणि कारागीर, चित्रे खुल्या बाजारात विकली जात. त्यामुळे वस्तुचित्रे, निसर्गचित्रे, घरगुती प्रसंग असे विषय स्वतंत्रपणे वाढले. विलेम क्लास हेडाच्या वस्तुचित्रांत अर्धवट सोललेल्या लिंबाची साल टेबलाच्या कडेवरून खाली लोंबते, जस्ती रंगाची थाळी कडेबाहेर येते. हात पुढे करून ती सावरावीशी वाटते. कवटी, विझलेली मेणबत्ती, घड्याळ अशा वस्तू जीवनाची क्षणभंगुरता सुचवतात, असे म्हणतात. सुचवत असतीलही, पण चांदीच्या पेल्यावरची चमक रंगवताना चित्रकाराला वैराग्य आले होते, असे दिसत नाही.

स्पेनचा वेलास्केझ (१५९९–१६६०) याचे ‘लास मेनिनास’ (१६५६) हे बरोक रचनेचे सर्वांत चतुर उदाहरण. मध्ये छोटी राजकन्या, बाजूला कॅनव्हासपुढे उभा स्वतः चित्रकार, मागच्या आरशात राजा-राणी. ते दोघे असायला हवेत नेमके तिथे, जिथे आपण उभे आहोत. बहुतेक काळ रोममध्ये राहिलेल्या फ्रेंच चित्रकार निकोला पूसँने मात्र असल्या नाट्यापासून दूर राहून मोजूनमापून रचना केल्या. अठराव्या शतकात फ्रान्समध्ये हलक्याफुलक्या रोकोको शैलीने बरोकची जागा घेतली.

रेम्ब्रँटच्या (१६०६–६९) ‘रात्रीचा पहारा’ (१६४२) या चित्राचे नाव नंतरचे आणि चुकीचे आहे. प्रसंग दिवसाचा, काळोख बराचसा काळवंडलेल्या वार्निशचा होता. अ‍ॅमस्टरडॅमच्या नगरभवनात मावावे म्हणून १७१५ मध्ये ते कडांनी कापण्यात आले. याच रेम्ब्रँटने १६५६ नंतरच्या काही वर्षांत मुघल लघुचित्रांवरून वीसहून अधिक रेखाटने केली. आशियाई कागदावर, तपकिरी शाईने काढलेल्या या रेखाटनांत शाहजहान आणि जहांगीर आहेत. त्याचा नेहमीचा दाट काळोख इथे नाही. बाजूने दिसणारा चेहरा आणि अंगरख्याची बारीक रेषा त्याने मूळ चित्राबरहुकूम उतरवली आहे.