एब्स्टाइन विकृती : प्रतिमांवरून निदान

हृदयाच्या उजव्या बाजूच्या त्रिदल झडपेतील दुर्मीळ जन्मजात दोष. जिवंत जन्मलेल्या सुमारे २०,००० बाळांमागे एकात तो आढळतो. ब्रेस्लाउ (आता पोलंडमधील व्रोत्सवाफ) येथील वैद्य व्हिल्हेल्म एब्स्टाइन यांनी १८६६ मध्ये त्याचे वर्णन केले, तेही एका १९ वर्षांच्या मजुराच्या शवविच्छेदनावरून. जिवंत रुग्णात निदान व्हायला १९४९ साल उजाडले.

गर्भावस्थेत झडपेची दले (पाकळ्या) उजव्या जवनिकेच्या (हृदयाच्या खालच्या कप्प्याच्या) भिंतीतून सुटी होतात. ती नीट सुटली नाहीत, की दोन जवनिकांमधल्या पडद्यालगतचे आणि खालचे दल भिंतीला चिकटून राहते व त्यांची बिजागरी हृदयाच्या टोकाकडे सरकते. पुढचे दल बहुधा मूळ जागीच, पण लांब आणि सैल असते. त्यामुळे जवनिकेचा काही भाग झडपेच्या वर, कर्णिकेच्या (वरच्या कप्प्याच्या) बाजूला जातो. अनेकांत दोन कर्णिकांमध्ये छिद्रही असते. तेथून अशुद्ध रक्त डावीकडे गेल्यास ओठ-नखे निळसर दिसतात.

छातीच्या एक्स-रेत पेटीसारखे फुगलेले हृदय दिसले, तर शंका घ्यावी. निदान करू नये. हृदयावरणात पाणी साठले तरी चित्र असेच दिसते, आणि सौम्य दोषात एक्स-रे साफ असू शकतो. पूर्वी हृदयात नळी घालून खात्री करत. नळीच्या टोकाशी विद्युतलेख जवनिकेचा, दाब मात्र कर्णिकेचा, ही त्याची खूण. पुरावा सुंदर, पण नळीच्या स्पर्शाने ठोके बिघडण्याचा धोका होताच.

आता टू-डी इको (ध्वनिलहरींनी हृदयाचे चित्र दाखवणारी तपासणी) पुरेसा ठरतो. चारही कप्पे एकत्र दिसतील अशा दृश्यात डावीकडील द्विदल झडपेची बिजागरी आणि त्रिदल झडपेच्या पडद्यालगतच्या दलाची बिजागरी यांतले अंतर मोजतात. निरोगी हृदयातही दुसरी किंचित खाली असतेच. म्हणून मर्यादा शरीराच्या पृष्ठफळावर ठरते : दर चौरस मीटरला ८ मिलिमीटर. ०.५ चौरस मीटर पृष्ठफळाच्या बाळात ४ मिलिमीटर अंतरही संशयास्पद, १.६ चौरस मीटरच्या प्रौढात हीच सीमा सुमारे १३ मिलिमीटर. डॉप्लरमध्ये (रक्तप्रवाह दाखवणाऱ्या इकोत) झडपेतून मागे येणाऱ्या रक्ताची गळती ठळक दिसते व नजर तिच्याकडेच जाते, पण गळती इतर कारणांनीही होते. दले जाड आणि वेडीवाकडी, पण बिजागरी जागच्या जागी, तर ती एब्स्टाइन विकृती नव्हे.

प्रौढांत इकोची खिडकी (ध्वनिलहरींना हृदयापर्यंत मिळणारी वाट) अपुरी पडते, तेव्हा एमआरआयचा उपयोग होतो. उजव्या जवनिकेचे खरे आकारमान आणि आकुंचनक्षमता त्यात चांगली मोजता येते. गंभीर दोष गर्भातील इकोमध्येही दिसतो.

झडप दुरुस्त करायची तर शल्यविशारदाला अंतराच्या आकड्याहून अधिक काही हवे असते : पुढच्या दलाची कड मोकळी हलते, की भिंतीला जखडलेली आहे. ब्राझीलचे शल्यविशारद जुझे पेद्रो दा सिल्वा यांच्या शंकूपद्धतीत उपलब्ध दले सोडवून, फिरवून त्यांचा शंकू शिवतात. त्यासाठी ऊती किती शिल्लक आहे, हे इको अहवालात लिहिलेले असावे लागते.