नाबाद ४४३: भाऊसाहेब निंबाळकरांच्या विक्रमाची पार्श्वभूमी

प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये, म्हणजे मान्यताप्राप्त संघांमधल्या किमान तीन दिवसांच्या सामन्यांत, भारतीय फलंदाजाची सर्वोच्च धावसंख्या आजही कोल्हापूरच्या भाऊसाहेब निंबाळकरांच्याच नावावर आहे. शालेय क्रिकेटमध्ये २०१६ साली कल्याणच्या प्रणव धनावडेने नाबाद १००९ केल्या होत्या, पण त्या सामन्याला प्रथम श्रेणीचा दर्जा नव्हता. त्यामुळे या यादीत तो आकडा धरला जात नाही.

सामना डिसेंबर १९४८ मधला, रणजी करंडकातला: महाराष्ट्र विरुद्ध काठियावाड, मैदान पूना क्लबचे. काठियावाडचा डाव २३८ धावांत आटोपला. महाराष्ट्राने ४ बाद ८२६ केल्या, त्यात निंबाळकरांच्या नाबाद ४४३ आणि कमल भांडारकरांच्या २०५. दोघांनी दुसऱ्या गड्यासाठी ४५५ धावा जोडल्या. ही भागीदारी १९७४ पर्यंत जागतिक विक्रम होती. वॉरविकशायरच्या जेमिसन आणि कन्हाय यांनी नाबाद ४६५ करून ती मागे टाकली.

त्या काळचा जागतिक उच्चांक डॉन ब्रॅडमन यांचा होता. मॅकलारेन यांनी १८९५ मध्ये ४२४ केल्या, पॉन्सफर्ड यांनी आधी ४२९ आणि मग ४३७ वर नेऊन ठेवले, आणि जानेवारी १९३० मध्ये क्वीन्सलँडविरुद्ध ब्रॅडमन यांनी नाबाद ४५२ केल्या. निंबाळकरांना विक्रमासाठी फक्त १० धावा हव्या होत्या. तिसऱ्या दिवशी मध्यंतर झाले आणि काठियावाडचे कर्णधार, राजकोटचे ठाकोरसाहेब, संघासह पुन्हा मैदानात उतरलेच नाहीत. त्यांनी सामनाच सोडला. फलंदाज नाबाद, डाव घोषित केलेला नाही, गोलंदाजी करायला मात्र समोर कुणी नाही. आपल्याविरुद्ध जागतिक विक्रम झाल्याची नोंद कायमची राहील, या भीतीपोटी त्यांनी हा निर्णय घेतला असे सांगितले जाते. कारण काहीही असो, दोन-तीन षटकांचे काम होते. ते होऊ द्यायला हवे होते.

या खेळीतले चौकार-षटकार मांडून पाहिले की तिचा पिंड कळतो. ४९ चौकार आणि १ षटकार, म्हणजे सीमापार २०२ धावा. उरलेल्या २४१ निंबाळकरांनी पळून काढल्या. भांडारकर आणि इतर जोडीदारांच्या धावांसाठीची धावपळ वेगळीच. एकूण वेळ ४९४ मिनिटे, म्हणजे तासाला साधारण ५४ धावा. पुढे १९५९ मध्ये कराचीत हनिफ मोहम्मद यांनी ६३५ मिनिटांत ४९९ केल्या, तेव्हा त्यांचा वेग तासाला ४७ होता. १९९४ मध्ये ब्रायन लारा यांनी नाबाद ५०१ केल्या, त्यातल्या ३०८ चौकार-षटकारांच्या. जागतिक यादीत निंबाळकर आज चौथे आहेत.

त्याच मोसमात पूना क्लबवरच मुंबई-महाराष्ट्र उपांत्य सामन्यात २,३७६ धावा निघाल्या. मुंबई ६५१ आणि ८ बाद ७१४, महाराष्ट्र ४०७ आणि ६०४. खेळपट्टी फलंदाजांना साथ देणारी होती हे उघड आहे. पण त्याने ४४३ चे मोल कमी होत नाही. त्या मोसमात भरपूर धावा करणाऱ्यांतही चारशेच्या पलीकडे एकटे निंबाळकरच गेले. वेस्ट इंडिज संघ तेव्हा भारत दौऱ्यावर होता, तरी निंबाळकरांना एकही अधिकृत कसोटी मिळाली नाही. प्रथम श्रेणीत ४७.९३ च्या सरासरीने ४,८४१ धावा करणाऱ्या फलंदाजावरचा हा अन्यायच म्हणावा लागेल.

निंबाळकरांच्या भारतीय विक्रमाच्या जवळ आलेल्यांची गाडी वेगवेगळ्या ठिकाणी अडली. संजय मांजरेकर १९९१ मध्ये ३७७ वर बाद झाले, पृथ्वी शॉ २०२३ मध्ये आसामविरुद्ध ३७९ वर पायचीत झाला. गुजरातच्या समित गोहेलच्या नाबाद ३५९ असताना उरलेले सगळे बाद झाले. महाराष्ट्राच्या स्वप्निल गुगळेची गोष्ट निराळी. २०१६ मध्ये वानखेडेवर दिल्लीविरुद्ध तो नाबाद ३५१ वर होता, अंकित बावणेसोबतची भागीदारी ५९४ ची होती आणि कर्णधारही तोच होता. तरी त्याने २ बाद ६३५ वर डाव घोषित केला. दिल्लीने ५९० केल्या आणि पहिल्या डावातली आघाडी महाराष्ट्राला मिळाली.

त्या निर्णयामागचा हिशेब साधा आहे. दिवसाला ९० षटके म्हणजे ५४० चेंडू, त्यातले निम्मे एका फलंदाजाच्या वाट्याला. शंभर चेंडूंत ८० धावांच्या वेगानेही ४४४ साठी ५५५ चेंडू लागतात, म्हणजे दोन दिवसांहून थोडे अधिक. चार दिवसांच्या सामन्यात मग वीस गडी बाद करायला जेमतेम दोन दिवस उरतात. निकाली विजयाला सहा गुण आणि नुसत्या आघाडीला तीन, त्यामुळे कुठलाही कर्णधार सहाशेच्या आसपास डाव सोडायचा विचार करणारच. म्हणून हा विक्रम मोडायचा तर वेगच वाढवावा लागेल. हैदराबादच्या तन्मय अग्रवालने २०२४ मध्ये अरुणाचल प्रदेशविरुद्ध १८१ चेंडूंत ३६६ केल्या, त्यात ३४ चौकार आणि २६ षटकार होते. पळून काढलेल्या धावा फक्त ७४.