पार्किन्सनचा पेशंट पडतो तेव्हा बीपी उभं करून मोजलंय का?

आमचे अण्णा मे महिन्यात तीनदा पडले, तिन्ही वेळा सकाळीच, खाटेवरून उठून पडवीत जाईपर्यंत. पार्किन्सन आहे म्हटल्यावर सगळ्यांनी तेच धरलं, कोणी म्हणे नवीन टाइल्स गुळगुळीत, कोणी म्हणे काठी द्या. बीपी नॉर्मलच यायचं, पण मोजायचे खुर्चीत बसवून.

मग एका डॉक्टरांनी पाच मिनिटं झोपवून मोजलं, वरचा आकडा 140, आणि उभं करून तीन मिनिटांच्या आत परत मोजलं तर 104! उभं राहिलं की रक्त पायांकडे उतरतं, तेव्हा आपल्या नसा लगेच रक्तवाहिन्या आवळतात, ठोके वाढवतात, आपल्याला कळतही नाही. पार्किन्सन म्हणजे मेंदूतलं डोपामिन नावाचं रसायन कमी एवढंच ऐकलेलं असतं, पण हा आजार या आपोआप काम करणाऱ्या नसांनाही धरतो. वरचा आकडा 20 ने किंवा खालचा 10 ने उतरला तर डॉक्टरांना सांगायलाच हवं. चक्कर येतेच असंही नाही, अण्णा नुसतं ‘मान भरून येते’ म्हणायचे, आणि आम्ही उशी बदलत बसलो.

त्यात कोकणातला उन्हाळा, घामाच्या धारा, रात्री लघवीला उठायला नको म्हणून संध्याकाळनंतर पाणी बंद. जुनी बीपीची गोळी तशीच चालू, प्रोस्टेटची वेगळी, पार्किन्सनच्या लेव्होडोपा या औषधानेही प्रेशर उतरू शकतं. सगळ्या गोळ्या एका टेबलावर मांडून बघणारं कोणी नव्हतं, हे मला फार लागलं. (मनाने कुठलीच गोळी बंद करू नका मात्र.) आता उठण्याआधी ग्लासभर पाणी, मग दोन मिनिटं खाटेच्या कडेला पाय सोडून बसायचं.

उंबऱ्याचं दुखणं वेगळंच. अंगणातल्या जांभ्याच्या पायऱ्या अण्णा नीट चढतात आणि माजघराच्या दारात पाय जमिनीला चिकटतात, अंग पुढे जातं, पाय मागेच. पायरी डोळ्यांना दिसते, पाऊल कुठे टाकायचं ते मेंदूला बाहेरून कळतं, दारात किंवा वळताना तसं काही मिळत नाही. म्हणून दाराआधी पाऊलभर अंतरावर आडव्या पांढऱ्या पट्ट्या चिकटवल्यात.

चालताना बोलणंही नडतं, लक्ष दोन्हीकडे पुरत नाही. आई आधी चुलीजवळून हाक मारायची, “अहो, पेज निवली!” आणि ते उत्तर द्यायला जाऊन उंबऱ्यातच अडकायचे. आता ती ते पाटावर टेकेपर्यंत थांबते, मग वाढते.